जर्मेनची पोटनिवडणूक

आमचा खासदार जूनमध्ये राजीनामा देऊन मोकळा झाला. कारण सांगितलं, 'कुटुंबाला वेळ द्यायचा आहे.' तीन आठवड्यांनी पेपरात त्याचा फोटो आला, फ्लोरिडात गोल्फ खेळतानाचा. फोटोत कुटुंब कुठंच नव्हतं. असो, मी चुगलखोर नाही. मी फक्त जे दिसतं ते चारचौघांत सांगतो.

वॉशिंग्टनमधली ती खुर्ची रिकामी पडली आणि गव्हर्नरनं पोटनिवडणूक लावली ती सप्टेंबरातल्या एका मंगळवारी. नेमकी मुरघासाच्या आठवड्यात. त्या दिवसांत आमच्या विस्कॉन्सिनमध्ये माणसाला जेवायला फुरसत नसते. मका हिरवा आहे तोवर कापायचा, कुट्टी करायची, खड्ड्यात दाबायची. एक दिवस उशीर झाला तर गायी वर्षभर तोंड वाकडं करतात. अशा दिवसांत मत द्यायला कोण येणार?

हा प्रश्न साऱ्या मतदारसंघात एकाच माणसाच्या जिवाला लागला होता. ती म्हणजे आमच्या सेंट ओडिल गावची चिटणीस, जर्मेन देल्विश. तिच्याविषयीच सांगायचं आहे.

जर्मेन माझ्याच वयाची. आम्ही एका वर्गात होतो. नऊ भावंडांतली सातवी, म्हणजे अंगावरचा प्रत्येक कपडा आधी चार बहिणींनी वापरलेला. तेव्हापासून तिला वस्तू नीट ठेवायची सवय, आणि दुसऱ्यानं नीट ठेवली नाही तर त्याला सुनवायचीही. सुगीच्या जत्रेत मी तिच्याबरोबर एकदा पोल्का नाचलो. नाच संपल्यावर ती म्हणाली, "ऑर्व्ह, तुला पाय दोन आहेत, पण त्यांची आपसात ओळख नाही." पुढच्या वर्षी तिनं नॉर्बशी लग्न केलं. नॉर्ब नाचतच नाही, त्यामुळे त्याचं जमलं.

ती चिटणीस झाली ती गंमतच. आधीचा चिटणीस मतदारयाद्या घरच्या फ्रीझरमध्ये ठेवायचा, हरणाच्या मांसाखाली. का, तर साऱ्या घरात कुलूप फक्त फ्रीझरला होतं. एका निवडणुकीत याद्यांना रक्ताचे डाग निघाले आणि लोक कंटाळले. जर्मेननं अर्जसुद्धा भरला नव्हता. चौदा जणांनी मतपत्रिकेवर हातानं तिचं नाव लिहिलं आणि ती निवडून आली. तेहतीस वर्षं झाली. त्या चौदांत मी होतो, आणि त्याचा पश्चात्ताप मला दर निवडणुकीला एकदा तरी होतो.

कारण बाई भयंकर काटेकोर. आमच्या टाउन हॉलच्या दारात सगळ्यांना आपलं नाव आणि पत्ता मोठ्यानं सांगावा लागतो, ओळखपत्र दाखवावं लागतं. कायदाच आहे. पण एका वर्षी नॉर्ब ओळखपत्र घरी विसरला. तिच्या समोर उभा राहून म्हणाला, "जर्मेन, मी आहे."

"दिसतंय मला. ओळखपत्र?"

"अगं, सकाळी तूच मला अंडी करून दिलीस!"

"अंडी खाल्ल्याचा पुरावा इथं चालत नाही. पुढचे, या."

गेला बिचारा चार मैल परत.

ती स्वतः कुणाला मत देते हे गावात कुणालाही ठाऊक नाही. मी चाळीस वर्षं प्रयत्न केलाय. मी दुधाचा टँकर चालवायचो, रोज अठरा गोठे. कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची सून माहेरी गेलीय, सगळं दुधाबरोबर गोळा व्हायचं. पण जर्मेनचं मत कधी हाती लागलं नाही. निवडणुकीच्या महिन्यात ती लाल घालत नाही, निळंही घालत नाही, कारण ते दोन पक्षांचे रंग. एक तपकिरी स्वेटर आहे तिचा. तो बाहेर आला की समजायचं, निवडणूक आली.

आणि तिची जमीन! टाउन हॉलची जमीन मेपलच्या फळ्यांची आहे. दर निवडणुकीच्या आदल्या दिवशी जर्मेन ती स्वतः पुसते, मेण लावते, आरसा करून ठेवते. दारावर तिच्या हाताची पाटी आहे: 'गोठ्यातले बूट आत आणू नयेत.' तेहतीस वर्षांत ती पाटी कुणी ओलांडली नाही. पाद्रीसुद्धा पायपुसण्यावर दोनदा पाय घासतो.

तर जुलैतल्या गावमंडळाच्या बैठकीत अध्यक्ष क्लेटस बोद्वँनं बॉम्ब टाकला. क्लेटस वाईट नाही हो. दीडशे गायी आहेत, गुडघे गेलेत, आणि हॉलचं छप्पर गळतंय याची चिंता त्यालाच करावी लागते. तो म्हणाला, "आपलं मतदान केंद्र बंद करून हार्लोला जोडून टाकू. तिथलं केंद्र नवं आहे, गरम आहे, गाड्या लावायला जागा आहे."

हार्लो सतरा मैलांवर.

"मागच्या पोटनिवडणुकीला इथं किती जण आले?" क्लेटस म्हणाला. "एकसष्ट! माझ्या गोठ्यात याहून जास्त गायी आहेत, आणि त्या रोज दोनदा रांग लावतात."

लोक हसले. जर्मेन कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होती. चिटणिसाला मंडळात मत नसतं. तिनं पेन खाली ठेवलं.

"मतदान सतरा मैलांवर गेलं, क्लेटस, की ते गावाचं राहत नाही. ज्याला गाडी चालवता येते त्याचं होतं. इर्मा काकूंना कोण नेणार? त्या ब्याण्णव वर्षांच्या आहेत. आजवर एकही निवडणूक चुकवली नाही त्यांनी, कारण हॉल त्यांच्या अंगणासमोर आहे."

"टपालानं पाठवतील."

"त्यांना पेटीत टाकायचं असतं. स्वतःच्या हातानं." मग तिनं विचारलं, "किती जण आले तर केंद्र ठेवशील?"

क्लेटसनं छताकडं पाहिलं. जिथून गळतं, बरोबर तिथं. "चारशे बारा नावं आहेत यादीत. दीडशे आले तर मी हा विषय परत काढणार नाही. शब्द देतो."

"लिहून घेते," जर्मेन म्हणाली, आणि लिहून घेतलं.

आता मी काय केलं ते सांगतो. पुढं जे रामायण झालं ते माझ्यामुळंच.

आमच्याकडं बुया करतात. मोठ्या लोखंडी हंड्यात चाळीस कोंबड्या, बैलाची शेपटी, कोबी, गाजर, बटाटे, आणि तासन् तास वल्ह्यानं ढवळायचं. मी पहाटे चारला चूल पेटवली तर दुपारी वास हार्लोपर्यंत जातो, असं माझं म्हणणं आहे. मी विचार केला, मतदानाच्या दिवशी हॉलसमोर बुया लावू. लोक वासानं ओढत येतील. शनिवारी एक मोठी फळी रंगवली आणि हमरस्त्याच्या कोपऱ्यावर ठोकली:

'मत द्या, बुया घ्या. मत नाही तर बुया नाही.'

मला वाटलं होतं, जर्मेन गळ्यात पडेल. रविवारी चर्च सुटल्यावर ती माझ्या अंगणात आली. फळी काखेत होती, खिळ्यांसकट.

"ऑर्व्ह लाक्रोआ, तुला मला तुरुंगात बघायचंय का?"

"अगं, काय झालं?"

"ही वॉशिंग्टनची निवडणूक आहे. मत देण्याच्या बदल्यात कुणालाही काहीही द्यायचं नाही. पैसे नाहीत, दारू नाही."

"हे सूप आहे."

"सूपही नाही! काल कुणीतरी या फळीचा फोटो काढून जिल्ह्याच्या निवडणूक कचेरीत पाठवला. मला सकाळी प्रार्थनेच्या आधी फोन आला. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा, ऑर्व्ह. पहिल्यांदा माझ्या केंद्राबद्दल तक्रार आली."

तिचा आवाज चिरका झाला होता. मी तिला इतक्या वर्षांत रागावलेली शंभरदा पाहिली, पण अशी नाही. दीडशेचा आकडा तर दूरच राहिला, माझ्यामुळे तिच्या नावाला डाग लागायची वेळ आली होती. मी म्हटलं, "बुया रद्द करतो. कोंबड्यांना जीवदान."

तिनं फळी माझ्या पायरीला टेकवली. "कचेरीतली मुलगी म्हणाली, एक तर सगळ्यांना द्या, नाहीतर कुणालाच नको. मत दिलंय का हे विचारायचंसुद्धा नाही."

"मग?"

"मग सगळ्यांना. हंडा लाव. पण माझ्या दारापासून शंभर फूट लांब."

"लोक खातील आणि मत न देता जातील की!"

"जाऊ देत," ती म्हणाली. "माझं केंद्र वाचायचं असेल तर नीट वाचेल."

सोमवारी ती टेप घेऊन आली आणि दारापासून स्वतः मोजलं. शंभर फूट जिथं संपत होते तिथं डबकं होतं. मी म्हटलं, नव्वदवर कोरडं आहे. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी डबक्यात फळ्या टाकल्या. माझ्या जुन्या फळीच्या मागच्या बाजूला तिनंच नवं लिहिलं: 'बुया सर्वांसाठी. मत दिलं तरी, नाही दिलं तरी.' इतकी अनाकर्षक जाहिरात मी जन्मात पाहिली नाही.

मंगळवारी सात वाजता जर्मेन पायरीवर आली. कायद्यानं मतदान सुरू झाल्याचं मोठ्यानं जाहीर करावं लागतं. समोर रिकामा रस्ता, पलीकडं क्लेटसच्या गायी आणि हंड्याशी मी. तरी तिनं छाती भरून ओरडून सांगितलं. एका गाईनं मान वर केली.

पहिल्या इर्मा काकू आल्या, चालताना धरायची चौकट टेकत. त्यांचा मतदानाचा निळा ड्रेस, मोत्यांची माळ. मत टाकून त्या हंड्यापाशी आल्या आणि बुया चाखून म्हणाल्या, "ऑर्व्ह, तुझ्या बापाचा बरा असायचा." सकाळ छान गेली म्हणायची. टपालाची एकोणीस मतं धरून दुपारी बारापर्यंत चौसष्ट झाले.

पण हंडा! हंडा मात्र झपाट्यानं उतरत होता. हमरस्त्यावरून ट्रकवाले थांबले. शिकागोहून आलेला सायकलवाल्यांचा एक जथा थांबला, सगळ्यांच्या अंगात चट्टेरीपट्टेरी कपडे, आणि दोनदोन वाडगे. शाळेची बस थांबली. जर्मेन मधून मधून दारात येऊन बघायची. मी ओरडायचो, "शिकागोला मत देता येतं का गं?" ती वळून आत जायची.

तीन वाजता आकडा अठ्ठ्याऐंशी. क्लेटस येऊन गेला. वाडगा घेतला, चवीचं कौतुक केलं, पाठीवर थाप मारली. "लोकांचा काय दोष? मका पिकलाय," म्हणाला. खुशीत होता असं नाही म्हणणार मी. पण फार दुःखीही नव्हता. मत न देताच परत मक्याकडं गेला. अध्यक्ष असून!

साडेतीनला डेरिक मासार्टची टोळी आली. मुरघासाच्या दिवसांत इथं कुणी एकटा कापत नाही. आज याचं शेत, उद्या त्याचं, आणि ट्रॅक्टर, ट्रेलर, कुट्टीयंत्र घेऊन सगळे एकमेकांकडं. डेरिक त्यांचा म्होरक्या. चाळिशीचा, मक्याच्या भुशानं भुवया पांढऱ्या झालेला. अकरा माणसं होती. त्यांतले चार मेक्सिकोहून आलेले, क्लेटसच्या गोठ्यावरचे. सगळ्यांनी डबक्याकाठी उभं राहून बुया खाल्ला. त्यांतला एक, रेफुहिओ नावाचा, मला म्हणाला, "तुमच्यात मिरची नसते, पण चालतं." मी त्याला दुसरा वाडगा दिला, कारण त्यानं निदान खरं सांगितलं.

मग ते वाडगे ठेवून ट्रॅक्टरकडं निघाले. माझ्याच्यानं राहवेना. "डेरिक, लेका, मत दिलंस का?"

जर्मेन दारात होती. "ऑर्व्ह! विचारायचं नाही म्हटलं होतं ना!"

डेरिक थबकला. टोपी काढून म्हणाला, "मिसेस देल्विश, आम्ही द्यायलाच थांबलो होतो. पण हे बघा." आणि त्यानं पाय वर केला. गमबूट घोट्याच्या वरपर्यंत शेणानं आणि चिखलानं लिंपलेला. "सकाळी गोठा, मग शेत. घरी जाऊन बूट बदलायचे म्हणजे तास जातो, आणि यंत्र तासाला चौदा ट्रेलर भरतं. दर वेळी निवडणूक नोव्हेंबरात असते, तेव्हा आम्ही आंघोळ करून येतो. आज जमणार नाही."

"मोज्यांवर या," मी म्हटलं.

"मोजे बघायचेत?" त्याच्या मागचा कुणीतरी म्हणाला, आणि सगळे हसले.

"जर्मेन, मतपत्रिका बाहेर आणून दे ना," मी म्हटलं. "गाडीपाशी देतेस की तू कधी कधी."

"ज्याला चालता येत नाही त्याला. यांना चालता येतं." तिनं डेरिकच्या बुटांकडं पाहिलं. मग मागं वळून आपल्या जमिनीकडं. मी तिचं तोंड पाहत होतो. बाई पाटीच्या खाली उभी होती, आणि ती पाटी तिनंच लिहिली होती. लोक येत नाहीत ते मक्यामुळे, असं सकाळपासून सगळे म्हणत होते. त्यातलं अर्धं कारण मका नव्हतंच, ते तिच्या दारावर खिळ्यानं ठोकलेलं होतं, आणि ते तिला त्या क्षणाला कळलं.

"कुठल्या कायद्यात लिहिलंय हे?" ती स्वतःशीच पुटपुटली. "कुठल्याच नाही. माझं मीच लिहिलंय."

तिनं हात वर करून पाटी उपटली. खिळा निघाला नाही, अर्धी फळी निघाली. ती तिनं भिंतीला टेकवून ठेवली आणि दार सताड उघडलं.

"या आत. नाव आणि पत्ता मोठ्यानं. ओळखपत्र काढून ठेवा. आणि डेरिक, पाय घासलेस तर मला वाईट वाटणार नाही."

टोळीतले मताचा हक्क असलेले सात जण आत गेले. त्या सोनेरी फळ्यांवर पहिला बूट पडला तेव्हा नॉर्ब, जो कोपऱ्यात मतदारयादीवर सह्या घेत होता, त्यानं डोळे मिटून घेतले. जर्मेननं नाही मिटले.

पुढचं काम डेरिकच्या फोननं केलं. चार शेतांवर चार टोळ्या होत्या. त्यानं बाहेर येऊन एकेकाला सांगितलं, "अरे, हॉलमध्ये बूट चालतायत. हो, जर्मेनच म्हणाली. नाही, मी प्यायलेलो नाही." अर्ध्या तासात रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली. गावातल्या म्हाताऱ्यांनी खिडकीतून एवढे ट्रॅक्टर बघितले तेव्हा आग लागली की काय म्हणून तेही आले, आणि आल्यासारखं मत देऊन गेले. एका बाईनं पिठाचे हात तसेच ठेवून सही केली. कुणी कुणाला मत दिलं देव जाणे. निवडणुकीला एकीकडून दातांचा डॉक्टर उभा होता आणि दुसरीकडून शाळेची जुनी मुख्याध्यापिका उभी होती, आणि आमच्या गावातल्या निम्म्या लोकांचे दात त्यानं काढलेत, तर निम्म्यांचे कान तिनं उपटलेत. दोघांवरही राग सारखाच.

सातच्या सुमाराला क्लेटस आला. पायांत गोठ्यातले बूट. दारात उभा राहून त्यानं आत बघितलं. ती जमीन आता जमीन राहिली नव्हती, त्याच्या गोठ्यातला बोळ झाला होता.

"जर्मेन," तो म्हणाला, "तेहतीस वर्षं! तेहतीस वर्षं मी या दारात बूट काढतोय. माझे गुडघे गेले वाकून वाकून!"

"नाव आणि पत्ता, क्लेटस."

"तुला माहीत नाही होय?"

"मोठ्यानं."

त्यानं सांगितलं. मोठ्यानंच.

एकशे पन्नासावा कोण होता ते मला विचारू नका. मी त्या वेळी हंड्यात वाकून तळ खरवडत होतो. आठ वाजता जर्मेननं मतदान संपल्याचं जाहीर केलं, दार लावलं, आणि नॉर्बनं बाहेर येऊन मला बोटांनी दाखवलं: एक, सहा, सात. एकशे सदुसष्ट.

जिंकलं कोण ते पेपरात आलंच आहे. आमच्यासाठी खरी निवडणूक पुढच्या सोमवारी होती, गावमंडळाच्या बैठकीत. हॉल भरला होता. क्लेटस उभा राहिला. त्याच्या हातात हार्लोला जोडायच्या ठरावाचा कागद होता, आधीच टाइप केलेला.

"आकडा झाला," तो म्हणाला. "मी शब्द दिला होता, आणि तो या बाईनं लिहून ठेवलाय, त्यामुळे पळताही येत नाही." लोक हसले. तो हसला नाही. "पण छप्पर गळतंय ते गळतंयच. आकड्यानं ते बुजत नाही. हिवाळ्यात इर्मा काकूंच्या डोक्यावर बर्फाचं पाणी पडलं तर मी काय तोंड दाखवू?"

बरोबरच होतं त्याचं. जर्मेननंसुद्धा ते इतिवृत्तात लिहून घेतलं.

मागच्या रांगेतून डेरिक उठला. "आमच्याकडं अकरा माणसं आहेत, शिड्या आहेत. मुरघास पंधरा दिवसांत आटपेल. पत्रे गावानं आणावेत, ठोकायचं काम आमचं. नोव्हेंबरच्या आत."

"फुकट?" क्लेटसनं विचारलं.

"जेवण तुमचं."

क्लेटसनं माझ्याकडं पाहिलं. मी छताकडं पाहिलं. चाळीस कोंबड्या म्हणजे गंमत नाही. पण सगळा हॉल माझ्याकडं वळला होता, म्हणून मी मान हलवली.

क्लेटसनं हार्लोचा कागद चार घड्या करून खिशात घातला. "सेंट ओडिलचं मतदान केंद्र आहे तिथंच राहील, असा ठराव. कुणाचा विरोध?" मंडळातल्या तिघांपैकी कुणाचाच नव्हता. जर्मेननं ठराव लिहिला. लिहिताना तिचा हात जरा थांबला, तेवढं मला दिसलं. मग तिनं पान उलटलं, चष्मा वर सरकवला आणि वाचलं:

"पुढचा विषय, मासार्ट रस्त्यावरची तुंबलेली मोरी."

त्या मोरीवर पाऊण तास भांडण झालं. एकही माणूस उठून घरी गेला नाही.